उगमाकडचे चर्च, मुखाकडचे चर्च

१८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ चौकला पडला होता. चौक हे आजच्या खालापूर तालुक्यातले, पनवेलहून खोपोलीकडे जाताना लागणारे गाव. एका संध्याकाळी फिरायला म्हणून निघालेले मॅलेट समोरच्या डोंगराच्या निम्म्यापर्यंत चढून गेले. दुसऱ्या दिवशी पाण्याचे भांडे, हातात काठी आणि सोबत एक वाटाड्या घेऊन ते थेट माथ्यावर पोचले आणि रामबागेच्या अंगाने खाली उतरले. नोव्हेंबरात ते पुन्हा आले, वाटा आखल्या, राहायला घर बांधले. माथेरानचा लेखी इतिहास इथून सुरू होतो. त्या डोंगरावर ठाकर, कातकरी आणि धनगर त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. वाटाड्याला वाट ठाऊक होती, म्हणून तर कलेक्टर वर पोचले.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत डोंगराचे रूप पालटले. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना जागा आवडली, नेरळहून वर जायला रस्ता झाला, बंगले उठले. मुंबईचे बिशप जॉन हार्डिंग यांच्या कारकिर्दीत सेंट पॉल चर्च उभे राहिले. कॅथलिकांचेही प्रार्थनास्थळ झाले. कर्जत तालुक्याच्या मातीत ख्रिस्ती उपासनेची ठळक वास्तू आली ती अशी, उन्हाळ्यात मुंबईचा उकाडा चुकवायला येणाऱ्या साहेबांबरोबर. हंगाम संपला, पहिला पाऊस लागला की बंगल्यांना कुलपे लागत आणि प्रार्थनेला येणारेही खाली उतरत. चर्च देखणे होते, आजही आहे. पण खालच्या गावांशी त्याची गाठ पडली नाही. कोणी मुद्दाम दूर ठेवले असे म्हणता येणार नाही. ते बांधलेच वरच्यांसाठी होते, प्रार्थना इंग्रजीत होती, आणि मंडळी वर्षातले काही आठवडेच तिथे राहत होती.

वरच्या वस्तीचे सार्वजनिक प्रश्न मात्र पहिल्यापासून खालच्या माणसांच्या खांद्यावर होते. पाणी झऱ्यावरून आणायचे. एका झऱ्याला मॅलेटचेच नाव मिळाले. पुढे शार्लट तलाव हा पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार झाला. मडमांना खुर्चीत बसवून नेरळचा चढ चढायचा, सामान डोक्यावर न्यायचे, बाजारात भाजी, दूध, लाकूड पोचवायचे. हे सारे करणाऱ्यांची मुले कुठे शिकतात, आजारी पडले तर कुठे जातात, पावसाळ्याच्या चार महिन्यांत काय खातात, याची चौकशी त्या हंगामी मंडळीत नियमाने होत असल्याचे दिसत नाही. डोंगरावरच्या ठिकाणांना साहेबांची आणि त्यांच्या बायका-मुलींची नावे पडली, ती अजून चालू आहेत. पाणी भरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कुठल्या पॉइंटला लागले नाही.

याच वर्षांत, माथेरानच्या कड्यावरून नजरेच्या टप्प्यात येणाऱ्या सह्याद्रीच्या भिंतीवर एक वेगळेच काम सुरू झाले. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत गेली आणि १८५६ साली पळसदरीहून खोपोलीपर्यंत पोचली. पुण्याच्या बाजूने खंडाळ्यापर्यंतचा मार्ग १८५८ साली तयार झाला. मधला बोरघाट तेवढा उरला. तोवर प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढून वर दुसरी गाडी गाठत. घाटातला लोहमार्ग पंधरा मैलांहून थोडा अधिक, त्यात १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल. सरळ तुटलेल्या कड्यावर उभे राहायला जागा नसे, तिथे माणसांना वरून दोराने खाली सोडत. लोंबकळत्या अवस्थेत ती कातळाला भोके पाडत, त्यात दारू भरत आणि सुरुंग उडायच्या आत वर ओढली जाण्याची वाट पाहत.

काम विल्यम फॅव्हिएल या ठेकेदाराने घेतले होते. त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि सगळ्यांच्या खाली बायकापोरांसह आलेले मजूर. मजुरी वरून खाली झिरपताना वाटेत आटत असे. काम पाहिजे तसे झाले नाही म्हणून कापायची, पावती दाखव म्हणून अडवायची, पुढच्या महिन्यावर ढकलायची. १८५९ सालच्या जानेवारीत घाटातल्या मजुरांनी थकलेल्या पैशांसाठी उठाव केला. हजारो माणसे काठ्या आणि दगड घेऊन गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेली. सरकारने चौकशी नेमली. फॅव्हिएलने त्याच वर्षी ठेका सोडला. १८५७ ची धग अजून ताजी होती, म्हणून सरकारला आधी राजद्रोहाची शंका आली. पण घाटातले भांडण केलेल्या कामाच्या पैशाचे होते. कर्जत-खालापूरच्या इतिहासात इतका मोठा कामगार उठाव त्याआधी झालेला नाही, आणि आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांत त्याला दोन ओळीही नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नंतरचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून गेला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी माणसांच्या हाती प्रत्यक्ष काम देऊन तिने ते पुरे करून घेतले. १८६१ च्या सुरुवातीला घाटात ४२,००० माणसे राबत होती. एवढी माणसे, ओढ्याकाठच्या झोपड्या, प्यायला तेच पाणी आणि धुवायलाही तेच. पटकी एकदा शिरली की पाल सोडून माणसे पळत सुटत. सुरुंग, कोसळणारे कडे, ताप आणि पटकी यांनी घाटात किती जीव गेले याचा अभ्यासकांचा अंदाज सुमारे २५,००० पर्यंत जातो. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी घाट खुला केला. घाटावर आणि डोंगरावर साहेबांच्या थडग्यांवर दगड बसले, नावे कोरली गेली. मजुरांची नोंद हजेरीच्या आकड्यापुरती राहिली.

याचा दोष चर्चला देण्याचा हेतू नाही. देवळांनी तरी त्या मजुरांसाठी काय केले होते? पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबईत त्याच काळात मिशनऱ्यांच्या शाळा चालू होत्या, कोकणच्या किनाऱ्यावर बाणकोट-हर्णैला स्कॉटिश मिशनने १८२३ पासूनच मराठी शाळा काढल्या होत्या, तिथे गावच्या मुलांशी मराठीत बोलणारे पाद्री होते. माथेरान-खंडाळ्याच्या पट्ट्यात मात्र चर्च थंड हवेच्या वाटेने आले. जिथे धर्ममंडळी गावकऱ्यांची नसते, तिथे गावाचा प्रश्न त्या मंडळीच्या दारात येत नाही.

माथेरानचा प्रश्न मांडणारा माणूस शेवटी माथेरानच्या मागल्या गल्लीतून निघाला. १९०५ साली तिथे नगरपालिका झाली. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घालून नेरळहून छोटी गाडी वर नेली. १ डिसेंबर १९१२ रोजी तिथल्या एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकिलीची परीक्षा देऊन हा मुलगा परत डोंगरावर आला, नगरपालिकेत निवडून गेला, उपाध्यक्ष झाला आणि खालच्या वाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी त्याने धान्यकोठ्या काढल्या. पावसाळ्याच्या तोंडाला घरातले भात संपायचे, सावकार मणाला दीड मण लावायचा. कोठीतून घ्यायचे आणि सुगीला परत भरायचे, एवढा साधा उपाय. १९४२ साली भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. वीज ज्या पाण्यावर तयार व्हायची त्यातले बरेचसे याच मुलखातून खाली उतरते: खोपोलीच्या वीजघराचे पाताळगंगेला, भिवपुरीचे पेज नदीतून उल्हासला. पाणी, वीज, मजुरी, सगळे इथून मुंबईकडे जाते हे कोतवालांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

ते अजून तसेच जाते आहे. खालापूर तालुक्यातले मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे आहे. त्या जलाशयाच्या वर इरशाळगड आहे आणि गडाच्या पोटात ठाकर समाजाची इरशाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. गाडी जाईल असा रस्ता नव्हता म्हणून बचावाची यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. पावसात, चिखलात माणसांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. चढताना अग्निशमन दलाच्या एका माणसाचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह मिळाले. चौथ्या दिवशी शोध थांबवला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. लाखो लोकांचे पाणी जिथे अडवले आहे, त्याच्या डोक्यावरच्या वाडीला रस्ता नव्हता. तिकडे माथेरानात माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद व्हाव्यात म्हणून एका निवृत्त शिक्षकाला आणि रिक्षा ओढणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने सहा महिन्यांत त्या बंद करा असे सांगितले. गावाचे गाऱ्हाणे गावातच एकत्र येऊन मांडायची जागा नसली, की ते एकेकट्याला लांबच्या कोर्टात न्यावे लागते.

अशी जागा कशी तयार होते, हे पाहायचे तर उल्हास नदीच्या काठाने खाली जावे. राजमाचीच्या डोंगरात, कर्जतच्या डोक्यावर उगम पावलेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी वसईत जे चर्च आहे, त्याची कहाणी माथेरानच्या चर्चच्या नेमकी उलट आहे.

सुरुवात तिथेही परक्यांनीच केली, आणि ती काही सौम्य नव्हती. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. धर्मांतरे झाली. त्यात आमिष होते, सत्तेचा दाब होता, देवळे पाडणे होते, आणि कोणाकोणाचा मनापासूनचा स्वीकारही होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज पाद्री गेले, पण नांगर धरणारे, वाडी शिंपणारे, होडी लोटणारे ख्रिस्ती कुठे जाणार? ते तिथलेच होते. पेशवाईत आणि इंग्रजी अमलात ते राहिले, सामवेदी आणि वाडवळी बोलत राहिले, लुगडे नेसत राहिले, लग्नात आपली गाणी म्हणत राहिले. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिन सोडून लोकभाषेत आली तेव्हा वसईच्या वेदीवर मराठी आली. माथेरानात कधी न घडलेली गोष्ट इथे घडली होती: उपासना करणारा आणि विहिरीवर पाणी ओढणारा एकच माणूस होता.

त्यामुळे वसईत धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, कामात व्यवहार फार लवकर शिरला. १९१८ साली पापडीला मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी सहकारी पतपेढी काढली, तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. सावकाराकडे गहाण पडलेल्या वाड्या सोडवणे हे पाद्र्याचे काम आहे का, असा प्रश्न तेव्हा कोणाला पडला असेल तर त्याचे उत्तर कर्जदारांनी दिले. त्या पेढीने उभे केलेले शेतकरी पुढच्या लढाईत कामाला आले.

वसईची वाडी पाहिल्याशिवाय ती लढाई समजणार नाही. घरामागे केळीचे खांब, त्यांच्या सावलीत पानवेल, बांधाला मोगरा आणि सोनचाफा, मधूनमधून भाजीचे वाफे. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही वसईची खास चीज. पहाटेच्या लोकलने फुले आणि भाजी दादरला जाई. हे सारे चाले विहिरीवर आणि बावखलावर. बावखल म्हणजे घर आणि वाडी यांच्या मध्ये खणलेले गोड्या पाण्याचे तळे, कुठे लांबट, कुठे गोल. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि उन्हाळाभर विहिरीला पुरे. समुद्र दोन-चार किलोमीटरवर असताना विहिरीचे पाणी गोड राहायचे ते या मुरलेल्या पाण्यामुळे. गोडे पाणी हलके, ते खाऱ्या पाण्याच्या वर तरंगते. बैलांच्या रहाटाने जेवढे निघे तेवढे पावसात भरून येई. मोटारीने, टँकरच्या मापाने उपसा सुरू झाला की वरचा गोडा थर पातळ होतो आणि खालचे खारे वर चढते. एकदा विहीर खारी झाली की पानवेल आधी मरते, मग केळ.

१९८० च्या दशकात मुंबईची घरांची भूक वसई, नालासोपारा, विरारच्या दिशेने सरकली. हिरव्या पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला मोकळी करण्याचे निर्णय झाले. १९९० साली सिडकोला या भागाचे नियोजन प्राधिकरण नेमले गेले. इमारती आधी उठल्या, पाण्याची सोय मागे राहिली. मग पाणी यायचे कुठून? पश्चिमेकडच्या गावांतल्या विहिरींतून, टँकरने. रात्रंदिवस टँकर चालू झाले. ज्याची विहीर रस्त्याकडेला, त्याला बसल्या जागी रोख पैसा मिळू लागला. शेजाऱ्याची विहीर खारी झाली तर त्याचा जाब कोणाला विचारायचा? पैसा घेणारा आणि नुकसान सोसणारा एकाच आळीतला, बरेचदा एकाच कुळातला. या प्रश्नाची सगळ्यात अवघड बाजू हीच होती. बाहेरच्या बिल्डरविरुद्ध घोषणा देणे सोपे. आपल्या चुलत्याला टँकर बंद कर म्हणायला वेगळे बळ लागते.

या सुमारास वसईतल्या नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी ते चालवले. दिब्रिटोंनी त्यात उपासनेबरोबर पाणी, जमीन, गुंडगिरी आणली. ख्रिस्ती नसलेल्या लेखकांना बोलावून लिहायला लावले, आणि तो अंक वसईच्या घराघरांत जाई. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तिच्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. मोर्चे निघाले, टँकर अडवले गेले. जमीन बळकावणाऱ्यांच्या दहशतीविरुद्ध उघडपणे बोलायची सोय नव्हती त्या दिवसांत दिब्रिटो बोलले. धमक्या आल्या तरी ते मागे हटले नाहीत.

हे जमले कसे? दिब्रिटोंचे धैर्य आणि लेखणी होतीच, पण एवढ्याने गाव उठत नाही. रविवारी सकाळी मिस्सेला गाव जमते. म्हातारे, तरुण, सुना, मुले, सगळी. मिस्सा सुटली की माणसे लगेच पांगत नाहीत, आवारात थांबतात, एकमेकांची विचारपूस करतात. विकास आराखड्याचा नकाशा दाखवायचा, हरकतीच्या अर्जावर सही घ्यायची, मोर्चाची वेळ सांगायची, तर याहून बरी जागा कुठली? शिवाय त्या आवारात टँकरवाला आणि खाऱ्या विहिरीवाला शेजारी शेजारी उभे असतात. एकाच वेदीसमोर दर आठवड्याला उभे राहणाऱ्याला तोंड चुकवता येत नाही. माथेरानच्या चर्चकडे उत्तम दगडकाम होते. या आवारासारखी गोष्ट त्याच्याकडे नव्हती.

धर्मगुरूने राजकारणात पडू नये, असे म्हणणारे तेव्हाही होते, चर्चच्या आतही आणि बाहेरही. ती शंका खोटी नाही. धर्मपीठावरून मते मागितली गेली तर लोकशाहीचे नुकसान होते, मग पीठ कोणत्याही धर्माचे असो. पण आपल्या धर्मग्रामातल्या विहिरी खाऱ्या होत असताना फक्त परलोकाविषयी बोलणारा पाद्री त्या माणसांना काय तोंड दाखवणार होता? दिब्रिटोंनी उमेदवारी घेतली नाही. त्यांनी विषय धरला आणि तो सोडला नाही. माझ्या मते रेघ इथेच ओढायची असते, आणि त्यांनी ती नीट ओढली.

लढाईचा हिशोब मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. रेल्वेच्या पूर्वेला आणि स्टेशनांभोवती काँक्रीट झालेच. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावांनी ठाम विरोध केला. ग्रामपंचायत गेली की आराखड्यावरचा हातही जातो, हे त्यांना कळत होते. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत याच मुद्द्यावर गावांची बाजू घेणारे विवेक पंडित निवडून आले. २०१० साली आंदोलकांवर लाठीमार झाला. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय काढला आणि प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळले. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. टँकरचा ताण सूर्या धरणाच्या पाण्याने थोडा हलका झाला, पण ते पाणी पालघरच्या आदिवासी शेतांसाठी बांधलेल्या धरणातून येते. मोरब्यात जे दिसते तेच इथे: शहराची तहान भागते आणि धरणाशेजारचा माणूस हंडा घेऊन चालतो. २०१८ च्या जुलैत वसई अनेक दिवस पाण्यात बुडाली, गाड्या बंद, वीज बंद, मिठागरांत मजूर अडकलेले. बुजवलेली बावखले आणि भराव घातलेले नाले यांचा हिशोब पावसाने मागितला होता. असे असूनही रेल्वेच्या पश्चिमेला आज जो हिरवा पट्टा दिसतो, जिथे अजून केळीचे घड आणि चाफ्याची फुले निघतात, तो त्या माणसांनी अडून राहिल्यामुळे टिकला. गेल्या काही वर्षांत तरुण पोरे सुटीच्या दिवशी बावखलांतला गाळ आणि जलपर्णी काढताना दिसतात.

१९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या गादीवर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीला काही संघटनांनी विरोध केला, संमेलन तरीही झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले.

कर्जत-खालापुरात ख्रिस्ती वस्ती थोडीच आहे, तेव्हा वसईचे चर्च इथे आणून बसवता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. इथे वारकऱ्यांचे सप्ताह आहेत, वाडीवाडीची देवस्थाने आहेत, मशिदी आहेत, बुद्धविहार आहेत, गावकीच्या बैठका आहेत. प्रश्नही तेच येऊन ठेपले आहेत. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राच्या नावाखाली ‘नैना’त खालापूर परिसरातली गावे आली. पनवेल-कर्जत लोहमार्गाबरोबर जमिनीचे भाव चढले. शेतघरांच्या आणि दुसऱ्या घरांच्या वसाहती उल्हासच्या काठापर्यंत आल्या आणि प्रत्येक वसाहतीची कूपनलिका शेजारच्या वाडीच्या विहिरीपेक्षा खोल जाते. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी कायद्याने साधारण महिनाभराची मुदत मिळते. त्या महिन्यात सातबारा काढावा लागतो, नकाशावर आपला गट नंबर शोधावा लागतो, रस्ता किंवा आरक्षण कोणाच्या बांधावरून जाते ते शेजाऱ्याबरोबर बसून पाहावे लागते, हरकत मराठीत लिहून द्यावी लागते आणि पोच घ्यावी लागते. सुनावणीला बोलावतील तेव्हा हजर राहावे लागते, आणि एकट्याने गेले तर दोन मिनिटांत बाहेर काढतात, म्हणून वाडीतल्या दहा-वीस जणांनी मिळून जावे लागते.